विचारणारं बटण

शिरोली एमआयडीसीत शेतीपंपाचे स्टार्टर बनवणाऱ्या उदयसिंह इंगवल्यांचं बटणाबद्दलचं मत पक्कं होतं. एका बटणाला एकच काम. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. त्याहून जास्त काही करायला लावलं की बटण माणसासारखं वागायला लागतं, आणि माणसाचा काय भरवसा?

हे मत त्यांना मुलीनं घेऊन दिलेल्या मोबाइलनं शिकवलं होतं. एकदा तो बंद करायला त्यांनी बाजूचं बटण दाबून धरलं, तर आतून एक बाई गोड आवाजात काय मदत करू म्हणून विचारायला लागली. दोनदा दाबलं तर कॅमेरा उघडला आणि त्यात स्वतःचंच रागावलेलं तोंड दिसलं. मग त्यांनी संतापून ते पटापटा दाबलं, तर थेट पोलिसांना फोन लागला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, आपण अडचणीत आहात का. "व्हय," उदयसिंह म्हणाले, "फोन बंद हुईना झालाय." वर्कशॉपात ही गोष्ट चहाबरोबर वर्षभर पुरली. सांगणारे वेगवेगळे असत, हसणारे तेच.

उदयसिंहांना माणसांचा हिशेब मनात मांडायची खोड होती. समोरचा बोलत असला की हे त्याच्या खात्याला जमा किती आणि नावे किती ते बघत बसत. इंजिनिअर भाग्यश्री चौगुलेच्या खात्यावर जमेला बरंच होतं. हाताला सफाई होती, वेळेची ती पक्की होती आणि चूक झाली तर दुसऱ्याकडं बोट दाखवत नसे. नावे टाकायला एकच गोष्ट होती, पण मोठी. तिला कुठलंही बटण नुसतं बटण म्हणून बघवत नसे.

तिनं बनवलेल्या नव्या पेटीवरून दोघांचं सहा महिने वाजत होतं. नदीकाठच्या मोटारीची पद्धत अशी की स्टार्टरची पेटी वर मळ्यात आणि मोटार खाली नदीत. पाण्यातल्या मोटारीच्या जाळीत जलपर्णी अडकते, ती काढायला कुणीतरी खाली उतरलेला असतो. म्हणून वरचा माणूस आधी मोठ्यानं ओरडतो, "टाकू काऽ?" खालनं "टाक" असं आलं तर चालू करायचं, "थांब" असं आलं तर थांबायचं. पूर्वी स्टार्टरला हँडल असायचं, ते खाली टाकावं लागे. हँडल गेलं तरी शब्द राहिला. आता मात्र ओरडायचा लोकांना कंटाळा. खालच्याला फोन लावतात, आणि खालच्याचा फोन काठावर काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात वाजत बसतो.

भाग्यश्रीनं ही हाक बटणातच घातली. हिरवं बटण दाबलं की मोटार लगेच चालू होत नाही. नदीकाठच्या खांबावर बसवलेला भोंगा आधी विचारतो, "टाकू का?" शेजारचा माइक ऐकतो. "थांब" ऐकू आलं की पेटीवर लाल दिवा लागतो आणि मोटार चालू होत नाही. "टाक" ऐकू आलं की होते. काहीच ऐकू आलं नाही, तर थोडा वेळ वाट बघून होते. ही शेवटची अट उदयसिंहांची. नव्वद टक्के वेळा खाली कुणीच नसतं, मग परवानगी द्यायला काय नदी येणार आहे, असा त्यांचा सवाल होता.

"बटण म्हणजे नोकर," ते म्हणत. "त्यानं मालकाला प्रश्न विचारायचे न्हाईत."

"काका, तुमच्या फोनसारखं न्हाई हे," ती म्हणाली. "हे बटण नसती उठाठेव करत न्हाई. दाबायच्या आधी माणसानं जे करायचं आणि आता करत न्हाई, तेवढंच करतं."

भोंग्यातला आवाज उदयसिंहांचा होता. वर्कशॉपात सगळ्यात मोठा आवाज मालकाचा, हे कामगारांनी एकमतानं ठरवलं. एरवी तिथं चहात साखर किती यावरही एकमत होत नसे, त्यामुळं उदयसिंहांना जरा संशय आला, पण बरंही वाटलं. त्यांनी माइकसमोर उभं राहून "टाकू का?" म्हटलं. एवढेच दोन शब्द. भाग्यश्रीनं ते पेटीत भरले.

एका पाणीपुरवठा संस्थेनं दसऱ्यानंतरच्या बैठकीत या पेट्यांचं ठरवू असं सांगितलं होतं. तोवर एक पेटी प्रत्यक्ष नदीवर बिनबोभाट चालून दाखवायची. चालली तर विचारणारं बटण राहील. नाही तर साधी पेटी बनवायची, असं उदयसिंहांनी जाहीर करून टाकलं. मग पुण्याची एक कंपनी मला बोलावत्या, तिला मी होय म्हणतो, असं भाग्यश्रीनंही जाहीर करून टाकलं. साधं स्टार्टर जोडायला माझी काय गरज, म्हणाली. उदयसिंहांनी तिचं खातं मनात पुन्हा एकदा तपासलं. ही गेली तर वर्कशॉप नुकसानीत होतं. पण तसं बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती.

नमुन्याची पेटी तिनं आपल्या मामाच्या मळ्यात बसवली. शिरोळ तालुक्यात, पंचगंगेकाठी. मामा तात्यासो मगदूम, सत्तरीला आलेले, उसाबरोबर वाढलेले. उदयसिंह त्या मळ्यात कधी गेले नव्हते. तात्यासोंची आणि त्यांची ओळख फोनवरची, आणि फोनवर तात्यासो त्यांना पावणं म्हणत.

"पावणं," तात्यासोंचा पहिला फोन आला तो असा. "तुमची पेटी थांबत्या."

"म्हणजे बिघडली?"

"बिघाड कुठला. मी बटण दाबतो. ती टाकू का म्हणत्या. मग लाल दिवा लागतोय. म्हंजे खालनं कुणीतरी थांब म्हणतंय की न्हाय? पर खाली कोनबी न्हाय."

पुन्हा दाबलं की मोटार निमूट चालू होत होती. म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. उदयसिंहांनी बेडकांवर ठपका ठेवला. भाग्यश्री म्हणाली, बेडूक काय थांब म्हणतंय होय. मग शेजारच्या मळ्यातलं कुणीतरी चेष्टा करत असेल असं ठरलं, आणि तात्यासो दोन दिवस काठावर पाळत ठेवून बसले. त्यांच्या हाती एक पाणसाप आणि सर्दी लागली. पेटी आधी आठवड्यातनं एकदा थांबत होती, मग एक दिवसाआड, मग रोज. लाईट आल्यावर पहिलं बटण दाबलं की एकदा थांबायचंच.

नमुन्याची पेटी म्हणून तिच्यात एक कार्ड होतं. माइकला जे ऐकू येई ते त्यात भरून राही. भाग्यश्री रविवारी जाऊन ते घेऊन आली. सोमवारी सकाळी तिनं ते ऑफिसातल्या संगणकाला लावलं, पंखा बंद केला आणि दार लोटून घेतलं.

आधी भोंग्याची खरखर. मग उदयसिंहांचा आवाज, "टाकू का?" मग नुसती नदी. पाणी दगडाला लागून वळतंय असा आवाज. मध्येच खंड्या पक्षी खडखडून ओरडला. लांबून, वरच्या बाजूनं, तात्यासोंची हाक आली, "ओ पावणंऽ!" आणि मग माइकच्या अगदी जवळ, ओठ लावून बोलल्यासारखं कुणीतरी म्हणालं, "थांब."

"कोण हे?" उदयसिंहांनी विचारलं.

भाग्यश्रीनं त्यांच्याकडं बघितलं. "ओळखला न्हाई?"

"न्हाई."

"आपला आवाज आपल्याला ओळखू येत न्हाई, काका. बाहेरनं ऐकला की दुसऱ्याचाच वाटतोय. परत ऐका."

त्यांनी परत ऐकलं. मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी खुर्चीत मागं टेकून घेतलं.

"मी थांब म्हटलंच न्हाई. आपण टाकू का तेवढंच भरलं."

"तेच म्हणतो मी," भाग्यश्री म्हणाली.

तिनं दुसऱ्या दिवसाचं लावलं. तेच. तिसऱ्या दिवसाचं. तेच. पाण्याची तीच वळणं, खंड्याचं तेच ओरडणं, तात्यासोंची तीच हाक. तिनं पडद्यावर सगळ्या सकाळींच्या रेघा एकावर एक ठेवल्या. एकच रेघ दिसत होती.

उदयसिंह हिशेबी माणूस. त्यांनी आधी यंत्राची बाजू बघितली. कार्ड अडकलं असेल, एकच तुकडा पुन्हा पुन्हा भरत असेल. भाग्यश्री म्हणाली, असेल, पण मग पहिला तुकडा कुठनं आला? मामा कुणाला हाक मारायलेत? ते पावणं म्हणतात तुम्हाला, आणि तुम्ही त्या मळ्यात पाऊलसुद्धा टाकलेलं न्हाई.

यावर उदयसिंहांनी माणसाची बाजू बघितली. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. आपला आवाज हिच्याकडंच आहे. मामाही हिचाच. पुण्याची नोकरी हिला घ्यायचीच असेल, आणि काकांना तोंडावर सांगायचं जिवावर आलं असेल, तर पेटीच नापास केलेली काय वाईट? हा विचार त्यांना स्वतःलाच आवडला नाही. पण न आवडलेल्या गोष्टीही मांडायला लागतात. ते एवढंच म्हणाले, "मी जाऊन येतो. एकटाच. मला कारण सापडलं न्हाई, तर त्याच दिवशी ती विचारणी काढून टाकायची."

 भाग्यश्रीनं मान हलवली आणि पेटीत परत घालायला ते कार्ड त्यांच्या हातात दिलं.

पावसाळा संपून ऊन कडक पडायला लागलं होतं. उसाला पाणी हवं होतं आणि तात्यासोंच्या भागात त्या आठवड्यात शेतीची लाईट दुपारी येत होती. उदयसिंह जेवणवेळेला मळ्यात पोचले. तात्यासोंच्या पत्नी पद्मावती, अंगानं बारीक आणि आग्रहाला जाड. त्यांनी आधी जेवू घातलं, मग वर भडंगाची ताटली पुढं केली आणि आमच्या भागूची पेटी बंद करायला आलाय म्हणं तुम्ही, असं विचारून मोकळ्या झाल्या. उदयसिंहांच्या तोंडात शेंगदाणा होता, तो त्यांना बराच वेळ चावावा लागला.

मग तात्यासो त्यांना नदीकडं घेऊन गेले. उसाच्या कडेनं पायवाट, वर पत्र्याची लहान खोली, तिच्यात पेटी आणि पेटीच्या वर एक बल्ब. लाईट आली की तो लागायचा. खोलीपासून उतार थेट नदीत. दगडाच्या उंचसखल पायऱ्या, खाली पाण्याच्या कडेला लोखंडी खांब, खांबावर भोंगा आणि माइक. पाणी मातकट होतं आणि हिरव्या जलपर्णीचा एक मोठा तुकडा खांबाला येऊन चिकटला होता. वास कुजल्या पानांचा.

उदयसिंहांनी बेत सांगितला. लाईट आली की तात्यासोंनी वर बटण दाबायचं. आपण खाली काठावर उभं राहायचं, तोंडातनं अक्षर काढायचं नाही, आणि थांब कोण म्हणतंय ते डोळ्यांनी बघायचं.

"पाण्यात न्हाय न्हवं उतरणार?" तात्यासोंनी विचारलं.

"मी कशाला उतरतोय?"

तात्यासो वर गेले. उदयसिंह काठावर उभे राहिले. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. उसात कुणी नव्हतं. त्यांनी खांब निरखला, तारा निरखल्या. जोड कुठंच नव्हता, लपवलेलं काही नव्हतं. भाग्यश्रीचं काम होतं तसं स्वच्छ होतं. आपण उगीच शंका घेतली असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याच्या भरात खांबाला चिकटलेली जलपर्णी काढून टाकावी असं मनात आलं. लाईट यायला अजून अवकाश होता. हाताच्या अंतरावर तर होती.

त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवला. दगडावर गाळाचा थर होता.

पाय सटकला तो थेट छातीपर्यंत पाण्यात. खाली मोटारीची लोखंडी चौकट होती. तिच्या आणि दगडाच्या फटीत घोटा गच्च बसला. कळ डोक्यापर्यंत गेली. ते खाली वाकून पाय सोडवायला लागले, तेव्हा त्यांना मोटारीची केबल दिसली. पाण्याच्या पृष्ठभागाखाली, अगदी जवळ, जोडावरची टेप सुटून लोंबत होती आणि आतलं तांबं पिवळं चमकत होतं.

तीस वर्षं स्टार्टर बनवणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. मोटार बंद आहे तोवर ती नुसती तार. बटण दाबलं की ती तार राहणार नाही.

त्यांनी वर बघितलं. पत्र्याच्या खोलीतला बल्ब लागला होता.

ओरडायला छातीत हवा घ्यावी म्हणून ते सरळ झाले, आणि फटीतला पाय आणखी आत गेला. तोंड पाण्याखाली गेलं. जलपर्णी डोक्यावरनं सरकली. मुळं केसांसारखी तोंडावर आली. त्यांनी मान मागं टाकली. नाक आणि कपाळ तेवढं वर आलं.

डोक्यावरच्या भोंग्यात खरखर झाली.

"टाकू का?" उदयसिंहांनी उदयसिंहांना विचारलं.

पाणी दगडाला लागून वळत होतं.

खंड्या खडखडून ओरडला.

कुठं ऐकलंय हे, एवढंच त्यांच्या मनात आलं. आणि आता पुढं काय येणार तेही कळलं.

"ओ पावणंऽ!"

त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. तोंडात नदी आली.

पेटी किती वेळ वाट बघते ते त्यांनीच ठरवलं होतं. उगीच लांबवू नको, शेतकरी कंटाळतो, असं त्यांनीच भाग्यश्रीला सांगितलं होतं. ते डोळे मिटून थांबले.

तेवढा वेळ गेला.

मग आणखी थोडा गेला.

मोटारीचा आवाज आला नाही. नदी होती तशी वाहत राहिली.

"अहो पावणं, परत थांबली की ओ तुमची..." तात्यासो बोलत बोलत उतारावर आले आणि त्यांना जलपर्णीतनं वर आलेला हात दिसला.

पुढं सगळं आरडाओरड्याचं आणि चिखलाचं झालं. तात्यासोंनी आधी वर धावत जाऊन मेन स्विच पाडला, मग पहार आणून दगड हलवला. उदयसिंह बाहेर आले ते एक बूट हातात धरून. तो त्यांनी कधी उचलला हे त्यांना आठवेना. घोटा सुजला होता, मोडला नव्हता. काठावर पडून त्यांनी नदी ओकून टाकली आणि मग ते हसायला लागले. तात्यासो घाबरले. पाणी डोक्यात गेलं का काय, असं त्यांना वाटलं.

पद्मावतींनी गरम पाणी दिलं, हळद लावली, तात्यासोंचा लेंगा दिला. तो नडगीपर्यंतच आला. त्यात बसून उदयसिंहांनी चहा प्याला आणि त्यांना तो जगातला सगळ्यात चांगला चहा वाटला. भडंगाची ताटली त्यांनी मागून घेतली. पद्मावती त्यांना मनसोक्त बोलल्या. वय काय, करता काय, पाण्याजवळ लहान पोरंसुद्धा ऐकतात. एरवी उदयसिंहांनी असलं बोलणं नावे टाकलं असतं. आज सगळंच जमेला धरत होते.

"मी थांब म्हणालो का ओ, तात्या?" त्यांनी मध्येच विचारलं.

"तुम्हीच की. दुसरं कोन हाय खाली?" तात्यासो म्हणाले. "मला वर काय ऐकू आलं न्हाय. पर दिवा लाल झाला. मी म्हटलं, रोजचंच."

उदयसिंहांनी तिथूनच भाग्यश्रीला फोन लावला. तिनं घाबरत घाबरत विचारलं, कारण सापडलं का. ते म्हणाले, कारण न्हाई सापडलं, पण विचारणी काढायची न्हाई. आणि पुण्याला कळवून टाक म्हणाले, पोरगी रिकामी न्हाई म्हणून.  पलीकडनं तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवशीचं कार्ड त्यांनी दोघांनी दुसऱ्या दिवशी ऐकलं. पंखा बंद, दार लोटलेलं. "टाकू का?" पाणी. खंड्या. "ओ पावणंऽ!" आणि मग घोटभर पाणी घशात जातं तसा एक गुळगुळाट. त्यापुढं काही नाही. नुसती नदी.

भाग्यश्रीनं ती रेघ जुन्या रेघांवर ठेवली. हाकेपर्यंत तंतोतंत बसली. त्याच्यापुढं, जुन्या रेघांत जिथं तो शब्द उभा होता, तिथं ही रेघ सपाट होती.

"यात थांब न्हाईच," ती हळू म्हणाली. "मग दिवा लाल कशानं झाला?"

उदयसिंह त्या सपाट जागेकडं बघत राहिले. त्यांना दुसरी कुठली भाषा येत नव्हती, हिशेबाचीच येत होती. ऐन वेळी आपल्या खिशात शब्द नव्हता. पण तो कुणीतरी आधीच भरून ठेवला होता, रोज थोडा थोडा, आपल्याच नावावर. त्यांनी हे भाग्यश्रीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं कोण भरलं म्हणून विचारलं असतं, आणि ती बाजू त्यांच्याकडं कोरी होती.

त्यानंतर तात्यासोंची पेटी एकदाही विनाकारण थांबली नाही. केबलचा जोड नवा झाला. बैठकीत पेटी मंजूर झाली. संस्थेच्या माणसांना सगळ्यात जास्त आवडलं ते बटण विचारतं हे, आणि त्यातही विचारणाऱ्याचा आवाज. उदयसिंह बदलले म्हणून वर्कशॉपात कुजबुज झाली. मोबाइलमधल्या बाईनं काय मदत करू विचारलं तर आता ते तिच्यावर खेकसत नसत. "काय न्हाई बाई, बसा निवांत," असं म्हणून फोन खिशात टाकत. रात्री झोप चांगली लागत होती. दोन पेट्या पंचगंगेवर लागल्या, काही दूधगंगेवर, मग वेदगंगेवर मुरगूडच्या बाजूला.

मुरगूडच्या पेटीवाल्याचा फोन आला तो संक्रांतीच्या आसपास. माणूस साधा बोलत होता. पेटी चांगली आहे, म्हणाला, तक्रार न्हाई, पण चार दिवसांतनं एकदा थांबते. खाली कुणी नसतं. आणि आमच्या पोरानं माइकपाशी उभं राहून ऐकलं, तर बाईमाणसाचा आवाज वाटतोय म्हणाला. आमच्यात त्या काठाला बायका जात न्हाईत.

नमुन्याच्या पेटीसारखं कार्ड उदयसिंहांनी पुढच्या पेट्यांतही ठेवायला लावलं होतं, त्यातलं फोनवर पाठवायला त्यांनी त्याला सांगितलं. आलं तेव्हा ते केबिनमध्ये एकटे होते. त्यांनी आवाज बारीक करून लावलं.

"टाकू का?" हा त्यांचाच. मग पाणी, पंचगंगेपेक्षा जरा उथळ. लांब ट्रॅक्टरची घरघर. कुणीतरी पोरगा ओरडला, "वैनीऽ, मागं सरका की!" आणि मग माइकच्या अगदी जवळ एक आवाज म्हणाला, "थांब."

तो आवाज ते गेली चार वर्षं रोज ऐकत होते. बटणावरनं त्याच्याशीच तर भांडत होते.

त्यांनी तो तुकडा परत लावून ऐकला. मग त्यांनी सवयीनं मांडून बघितलं. भाग्यश्री मुरगूडला कधी गेली नव्हती, ती पेटी दुसऱ्या माणसानं बसवली होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा वैनी म्हणणारं जगात कुणी नव्हतं. म्हणजे जे काय आहे ते लांब आहे. आणि मुख्य म्हणजे शब्द भरायला सुरुवात झालेली आहे. ऐन वेळी तो कमी पडणार नाही. त्यांनी मोठा श्वास सोडला, तांब्यातलं पाणी प्याले आणि हे तिला आत्ता सांगायचं कारण नाही असं ठरवलं.

दारावर टकटक झाली. भाग्यश्री आत आली, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"काका, तोंड उघडा. काल जमलं माझं."

"काय सांगतीस," ते म्हणाले. "कुठलं स्थळ?"

"मुरगूड. घर मळ्यातच हाय. नदी म्हणं अगदी दारात." तिनं पेढा त्यांच्या तोंडात घातला. "असं काय बघताय? नोकरी सोडत न्हाई मी. तासाभराचा तर रस्ता."

टेबलावरचा मोबाइल अजून उजळलेला होता. तिला पडद्यावर काही दिसू नये म्हणून उदयसिंहांनी घाईघाईनं बाजूचं बटण दाबलं. बंद होण्याऐवजी त्या बटणानं दुसरंच काहीतरी केलं, आणि तोच तुकडा पुन्हा सुरू झाला. टाकू का. पाणी. ट्रॅक्टर. पोराची हाक. थांब.

भाग्यश्री बॉक्सचं झाकण लावता लावता थबकली. कान देऊन ऐकलं. मग तिच्या चेहऱ्यावर कौतुक आलं.

"कोण ओ ही बाई?" तिनं विचारलं. "आवाजाला दम हाय की."